सामानातून दिसणारं वय

फँटसीसाठी चित्रं काढणाऱ्या तरुण मंडळींच्या वह्या चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेला येते. म्हातारा योद्धा काढायचा म्हटलं की पंचविशीतला पिळदार गडी घ्यायचा, त्याला पांढरी दाढी चिकटवायची, डोळ्यावरून एक व्रण ओढायचा आणि हातात पुरुषभर उंचीची तलवार द्यायची. चित्र भारदस्त होतं, पण या माणसाने तीस वर्षं पैशासाठी लढाया केल्यात यावर विश्वास बसत नाही. दाढी बोटाने झाकून पाहिली की खाली तरुणच उरतो.

हे पुस्तक त्या एकाच माणसाबद्दल आहे. कुठल्याही राजाशी कायमचं इमान नसलेला, करार संपला की दुसरीकडे चाकरी धरणारा, साठीकडे झुकलेला भाडोत्री शिपाई. तो राहतो कल्पनेतल्या मुलखात. तिथल्या जंगलात ड्रॅगन असेल, वेशीवर चेटकीण असेल. त्याची शस्त्रं मात्र चौदाव्या ते सोळाव्या शतकातल्या युरोपात खरोखर घडलेल्या शस्त्रांवरून घेतली आहेत. शरीर, चिलखत, शस्त्रं, उभं राहण्याची ढब हे सगळं पुढच्या प्रकरणांत रेखाटनांसह येईल. इथे मला त्यामागचं माझं मत मांडायचं आहे. या माणसाचं वय चेहऱ्याच्या आधी त्याच्या सामानात दिसलं पाहिजे. तो काय घेऊन चालतो, काय वाटेत विकून टाकलं, कशाची डागडुजी केली, कोणता पट्टा दोन भोकं सैल केला, यातून त्याची सगळी कारकीर्द वाचता आली पाहिजे.

हा विषय आजकालच्या गेमवाल्यांनी काढला असं कुणाला वाटत असेल तर त्याने लिओनार्दो दा विंचीचं एक रेखाटन जरूर पाहावं. 1475 ते 1480 च्या सुमाराचं, धातूच्या टोकाने काढलेलं, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेलं. एका वयस्क सेनानीचा बाजूने दिसणारा चेहरा. शिरस्त्राणाला पंख फुटलेले, छातीच्या पत्र्यावर जबडा वासलेलं सिंहाचं तोंड. असं चिलखत घालून कुणी लढाईत उतरलं नसतं. ते पूर्णपणे कल्पनेतलं आहे. पण त्या पंखांखालचा माणूस खरा आहे. भुवया आवळलेल्या, खालचा ओठ पुढे काढलेला, हनुवटीखालची कातडी सैल पडून मानेवर वळ्या उमटलेल्या. लिओनार्दोने कल्पनेला शिरस्त्राणात मोकळं सोडलं आणि मानेच्या वळ्यांत निरीक्षण जराही सैल होऊ दिलं नाही. पाचशे वर्षांपूर्वी घातलेली ही घडी आपल्या कामाला अजून तशीच्या तशी लागू पडते.

लिओनार्दोसमोर असे चेहरे होतेच. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या इटलीत युद्ध हा कराराचा धंदा होता. शहरं सरदारांशी लेखी करार करत, किती घोडेस्वार, किती महिने, किती पैसे हे ठरवून घेत. या धंद्यात जे टिकले ते बरेचसे म्हातारे होईपर्यंत टिकले. इंग्लंडमधल्या एसेक्सचा जॉन हॉकवुड फ्रान्समधल्या लढाया करून 1360 च्या दशकात इटलीत उतरला. 1387 मध्ये कास्तान्यारोला पादुआच्या बाजूने त्याने वेरोनाच्या फौजेचा धुव्वा उडवला तेव्हा तो साठी ओलांडलेला होता. 1394 मध्ये तो फ्लॉरेन्सला वारला, आणि चाळीसेक वर्षांनी, 1436 मध्ये, पाओलो उचेल्लोने तिथल्या कॅथीड्रलच्या भिंतीवर त्याला घोड्यावर बसवलं. बार्तोलोमेओ कोल्लेओनी 1475 मध्ये वारला. त्याने आपल्या पुतळ्यासाठी व्हेनिसला पैसे ठेवले होते. लिओनार्दोचा गुरू वेरोक्क्यो याने तो पुतळा घडवायला घेतला, पण 1488 मध्ये त्याचाही मृत्यू झाला आणि काम दुसऱ्याने पुरं केलं. 1496 पासून तो पुतळा उभा आहे. त्याच्या खोगिरातल्या बसण्याकडे नीट बघा. धड एका बाजूला वळलेलं, खांदा पुढे, पाय रिकिबीत ताठ. त्या वळण्यातच समोरच्याला दम भरण्याची सवय दिसते.

आणखी एक चेहरा माझ्या विशेष आवडीचा आहे. उर्बिनोचा फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो, तोही पैसे घेऊन लढणारा सेनापती. 1450 मध्ये एका द्वंद्वाच्या खेळात त्याचा उजवा डोळा गेला. पिएरो देल्ला फ्रांचेस्काने फ्लॉरेन्सच्या उफ्फीत्सी संग्रहालयातल्या प्रसिद्ध चित्रात त्याची डावी बाजूच दाखवली. गालावरचे चामखीळ, डोळ्यांखालच्या सुरकुत्या आणि नाकाच्या मुळाशी पडलेली खोल खाच मात्र लपवली नाही. चित्रकाराने इथे थांबून विचार करावा. एक डोळा गेलेला शिपाई म्हटलं की आपण काळी पट्टी काढतो आणि मोकळे होतो. पण उजव्या बाजूने दिसत नसेल तर तो माणूस रस्त्यावर कुठल्या बाजूने चालेल? खानावळीत कुठल्या भिंतीला टेकून बसेल? सोबत्याला नेहमी कुणीकडे ठेवेल? मान पूर्ण वळवायची सवय लागून डाव्या बाजूचा स्नायू जास्त उठेल का? ही उत्तरं शोधली की पट्टी काढली नाही तरी चालते.

या सगळ्या बड्या लोकांपेक्षा मला जवळचा वाटतो तो ऊर्स ग्राफ. स्वित्झर्लंडच्या सोलोथुर्नमध्ये 1485 च्या आसपास जन्मलेला सोनार आणि चित्रकार, बाझेलला स्थायिक झालेला, आणि मधूनमधून स्वतःच भाडोत्री शिपाई म्हणून इटलीतल्या मोहिमांवर जाणारा. आपल्या सहीच्या अक्षरांजवळ तो खंजीर काढायचा. 1521 चं त्याचं रणांगणाचं रेखाटन बाझेलच्या संग्रहालयात आहे. मागे लढाई चालू, गाव पेटलेलं, पुढे कापडं ओढून घेतलेली प्रेतं पसरलेली, आणि त्या सगळ्यात एक शिपाई उभा राहून मान मागे टाकून बाटलीतून पितो आहे. 1524 च्या लाकडी ठशात दोन शिपाई आणि एक बाई उभे आहेत, आणि वर झाडात सांगाडा बसून त्यांना वाळूचं घड्याळ दाखवतो आहे. ग्राफचे शिपाई फाडलेल्या बाह्या, टोपीतली पिसं आणि तिरकी लटकवलेली तलवार घेऊन मिरवतात. ज्याने स्वतः ते कपडे घालून मैलोन्मैल चाल केली आहे त्याचा हात त्या रेषांत आहे. कापड कुठे घासतं, पट्टा कुठे ओढला जातो हे त्याला आठवून काढावं लागत नव्हतं. आपल्याला ते शोधून काढावं लागतं, म्हणून इतिहासाकडे जायचं.

आता शरीर. इंग्लंडमधल्या टाउटनच्या लढाईत, 29 मार्च 1461 रोजी पडलेल्या सैनिकांचं एक सामुदायिक दफन 1996 मध्ये सापडलं. त्यातला एकजण पन्नाशीकडे झुकलेला होता. त्याच्या डाव्या जबड्याच्या हाडात तलवारीचा खोल घाव होता, आणि तो घाव कित्येक वर्षांपूर्वीचा, पूर्ण भरून आलेला. म्हणजे एवढा वार खाऊन हा माणूस जगला, बरा झाला आणि पुन्हा लढाईला आला. व्रण काढताना हे हाड लक्षात ठेवावं. खरा घाव कातडीवरच्या गुलाबी रेघेवर थांबत नाही. तो हाडाची कड बदलतो, ओठ एका बाजूला ओढतो, दाढीचे केस तिथे उगवू देत नाही, घास कोणत्या बाजूने चावायचा हे ठरवतो.

जर्मन सरदार गोट्झ फॉन बेर्लिशिंगेनचा उजवा हात 1504 मध्ये लांड्सहूटच्या वेढ्यात तोफेच्या माऱ्यात तुटला. त्यानंतर तो लोखंडी हात लावून लढत राहिला आणि 1562 मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर वारला. याग्स्टहाउझेनच्या किल्ल्यात त्याचा लोखंडी हात अजून आहे. बोटांना सांधे, आत स्प्रिंग आणि दातेरी अडसर. दुसऱ्या हाताने बोटं दाबून मिटवायची, ती तिथेच अडकून राहायची, कळ दाबली की सुटायची. फँटसीत धातूचा हात हवा असेल तर जादूच्या निळ्या उजेडाआधी ही कळ काढून पाहा. वाचकाला ती जास्त खरी वाटेल.

वयाचा सगळ्यात मोठा धडा मात्र लढाईच्या चित्रांत नाही. तो जर्मन चित्रकार ड्यूररने 1514 च्या मार्चमध्ये कोळशाने काढलेल्या आपल्या आईच्या चित्रात आहे. ती त्रेसष्ट वर्षांची होती आणि दोन महिन्यांनी वारली. कपाळाचं हाड पुढे आलेलं, गाल आत गेलेले, मानेच्या शिरा दोऱ्या ताणल्यासारख्या उभ्या. ड्यूररने सुरकुत्या मोजत बसण्याऐवजी कातडीखालचं हाड कुठे वर आलं आणि मांस कुठून उतरलं एवढंच पाहिलं. शिपायाच्या बाबतीत यात एक भर घालायची. त्याचं मनगट आणि पुढचा हात म्हातारपणीही दणकट राहतो, कारण तो रोज वापरात आहे. उतरतात ते दंड आणि मांड्या. कमरेत तो किंचित वाकतो, बरगड्या आणि कंबरेचं हाड यांतलं अंतर कमी होतं, पोट पुढे येतं, गुडघे पूर्ण सरळ होत नाहीत. बोटांची पेरं सुजलेली. अशा बोटांनी चिलखताच्या बारीक नाड्या बांधता येत नाहीत, आणि इथूनच शस्त्रं-चिलखतांची निवड सुरू होते.

पंधराव्या शतकातलं पूर्ण पोलादी चिलखत 20 ते 25 किलोंचं असतं. वजन अंगभर वाटलेलं असल्यामुळे त्यात धावता येतं, घोड्यावर चढता येतं. पण ते चढवायला दुसरा माणूस लागतो, आणि आपल्या शिपायाकडे नोकर ठेवायला पैसे नाहीत. मी त्याला ब्रिगांडीन देतो. हे जाकिट समोरून बंदांनी आवळायचं असतं, म्हणजे एकट्याला घालता येतं. बाहेरून मखमल किंवा जाड कापड, आत पोलादाच्या लहान पट्ट्या एकमेकींवर चढवून रिव्हेटने ठोकलेल्या. बाहेर दिसतात त्या फक्त रिव्हेटच्या टोप्या, बहुतेकदा तिनाच्या त्रिकोणी गटांत. हे काढायला वेळ लागतो, आणि तो द्यावा. एखाद्या त्रिकोणातलं एक टोपण गेलेलं, तिथे कापडाला भोक, भोकाभोवती गंजाचा तपकिरी डाग. काखेखाली मखमलीचं रोम झिजून विणीचे धागे दिसताहेत. खांद्यावर, जिथे पट्टा रोज बसतो तिथे, रंग अजून मूळचा गडद आहे, कारण तिथे ऊन लागलं नाही. पोटावरचे बंद नव्या चामड्याचे आणि जुन्यांपेक्षा चार बोटं लांब. चेहरा झाकून टाका. हा माणूस कोणत्या वयाचा आहे हे एवढ्यावरून सांगता येतं.

तलवारीबद्दल आधी वजनाचा गैरसमज काढून टाकू. एकहाती तलवार साधारण 1 ते 1.3 किलो, दोन्ही हातांनी पेलायची लांब तलवार 1.2 ते 1.8 किलो. सोळाव्या शतकातल्या जर्मन भाडोत्री शिपायांची, लांड्सक्नेख्तांची, माणसाच्या उंचीला टेकणारी लढाऊ तलवारसुद्धा बहुधा 2 ते 3.5 किलोंतच बसते. पात्यावरची पन्हळ वजन उतरवण्यासाठी असते, रक्त वाहून जाण्यासाठी नाही. मुठीच्या टोकाचा गोळा तोल हाताजवळ आणतो. अंगावर कड्यांची जाळी असण्याच्या काळात पाती रुंद आणि कापणारी होती. पोलादी पत्रे आले तशी ती टोकाकडे निमुळती आणि मधे कणा असलेली झाली, म्हणजे फटीत खुपसता येतील. ब्रिटिश अभ्यासक एवर्ट ओकशॉटने मध्ययुगीन तलवारींची पात्याच्या आकारावरून जी वर्गवारी केली तिच्यामागे हीच कारणं आहेत. ती वर्गवारी पाठ करायची गरज नाही. पात्याचा आकार समोरच्याच्या चिलखतावरून ठरतो, हे ध्यानात असलं की तुमच्या कल्पनेतल्या मुलखातही तलवारी आपोआप सुसंगत होतील.

म्हाताऱ्याची तलवार एका काळाची नसते. चांगलं पातं महाग, ते जपलं जातं, मूठ बदलते. आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण आहे ते फिरंग तलवारीचं. पातं युरोपातून आलेलं, मूठ आणि परज इथल्या धाटणीची. अशा पात्यांवर कधी कधी पासाऊ आणि झोलिंगेनच्या कारागिरांचा धावता लांडगा कोरलेला सापडतो. युरोपातही जुन्या पात्यांना नव्या मुठी चढत. म्हणून आपल्या शिपायाचं पातं बापाच्या पिढीचं आणि परज परवाच्या मोहिमेतली असू द्या. वर्षानुवर्षं सहाणेवर घासून पातं मधे थोडं अरुंद झालेलं, खाचा कानशीने गोल केलेल्या, टोकापासून वीतभर अंतरावर धार सगळ्यात जास्त झिजलेली, कारण वार तिथेच बसतात.

आणि ती पाठीवर लटकवू नका. लांब पातं खांद्यावरून म्यानातून निघत नाही. हात तेवढा लांब नसतो. तलवार कमरेला असते, मोठी दुहाती असेल तर उघडीच खांद्यावर टाकून नेतात. कमरेची तलवार चालण्यावर परिणाम करते, बसताना मागे सारावी लागते, दारातून जाताना हाताने दाबून धरावी लागते. चित्रकाराला यापेक्षा चांगली सामग्री कुठे मिळणार?

रोजच्या वापरासाठी मी त्याच्या कमरेला मेसर दिलं आहे. एकधारी, सुरीसारखं, मुठीला दोन्हीकडून लाकडाच्या पट्ट्या रिव्हेटने बसवलेल्या, परजेतून हाताच्या पाठीच्या बचावाला एक जाड खिळा बाहेर आलेला. सामान्य माणसाचं शस्त्र, त्याने लाकडं फोडायलाही चालतं. हातात लांब दांड्याचं शस्त्र, कारण पावलांचा वेग गेला की अंतरच माणसाला वाचवतं, आणि चढणीला त्याच दांड्याचा टेकू होतो. क्रॉसबो असेल तर दातेरी चाकाच्या यंत्राने ताणायचा, ज्याला ताकद कमी आणि वेळ जास्त लागतो. प्रत्येक निवडीत त्याने वेग देऊन काहीतरी विकत घेतलं आहे.

ढबीसाठी लढण्याच्या कलेवरची दोन जुनी पुस्तकं मला रोज लागतात. हान्स टालहोफरच्या 1467 च्या हस्तलिखितात चिलखत घातलेले लोक तलवारीचं पातंच दोन्ही हातांनी धरून परजेने हाणताना दिसतात. नवशिक्याला ते चुकीचं वाटतं. पत्र्यावर धार चालत नाही हे कळलेल्या माणसाला ते शहाणपणाचं वाटतं. दुसरं फिओरे देई लिबेरीचं, 1410 च्या आसपासचं. त्यात एका माणसाभोवती चार प्राणी काढले आहेत, आणि पायांशी पाठीवर किल्ला घेतलेला हत्ती आहे, स्थैर्याचं प्रतीक म्हणून. लिंक्स, वाघ, सिंह हे तिघे तरुणाकडे असतात. म्हाताऱ्याकडे उरतो हत्ती. त्याची पावलं काढताना घोट्यापासून वर जा. पावलं नीट रुजली की धड आपोआप जागेवर येतं.

अतिशयोक्तीला माझा विरोध नाही. केंतारो मिउराच्या ‘बर्सर्क’ या मांगातली लोखंडाच्या लादीएवढी तलवार मी मनापासून मानतो, कारण तिच्याभोवतीचं बाकी सगळं, चामडं, बंद, घाम, अत्यंत खरं आहे. अतिशयोक्ती एका ठिकाणी करावी आणि तिचं मोल बाकीच्या प्रामाणिकपणाने चुकवावं. मराठी वाचकाच्या मनातला योद्धा दीनानाथ दलालांसारख्या चित्रकारांनी घडवला. तो तरुण आहे, तेजस्वी आहे, त्याची तलवार उगारलेली आहे. त्या परंपरेवर माझं प्रेम आहे. पण आपल्या फौजांतही पगारासाठी आलेले गारदी होते, परमुलखातले शिपाई होते, आणि ते म्हातारेही झाले. त्यांना काढण्याची सवय आपल्या हाताला नाही. ती लागावी म्हणूनही हा खटाटोप आहे.

साधनांसाठी लांब जायला नको. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शस्त्रं आहेत. ती युरोपातली नसली तरी झिजलेली मूठ आणि फुटलेलं म्यान कुठलंही शिकवतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 2017 पासून हक्कमुक्त वस्तूंची हजारो छायाचित्रं सगळ्यांना खुली केली आहेत, आणि शस्त्रांच्या नोंदीत लांबी आणि वजनही दिलेलं असतं. आधी तो आकडा टिपा, मग सव्वा किलोची काठी हात लांब करून धरा आणि कोणता स्नायू आधी थरथरतो ते आरशात पाहून काढा. पहिल्या चार प्रकरणांत माणूस नाहीच. तिथे त्याचं सामान जमिनीवर मांडून ठेवलं आहे: पट्टा, म्यान, ब्रिगांडीन, मेसर, सहाण, दोरा-सुई, रिकामी थैली. प्रत्येक वस्तू वरून एकदा, बाजूने एकदा आणि सर्वांत झिजलेल्या जागेजवळ जाऊन एकदा अशी काढायची आहे. पाचव्या प्रकरणात तो येऊन ती उचलायला लागतो.